घरबसल्या कामाच्या शोधात

घरबसल्या टायपिंग करा, महिन्याला पंचवीस हजार मिळवा, लॅपटॉप नसेल तर मोबाइलही चालेल. व्हॉट्सॲपवर असा संदेश कधीच आला नाही, असा माणूस आता सापडणे कठीण. तालुक्याच्या गावी एमएस-सीआयटी केलेली, टायपिंगच्या ३० आणि ४० शब्दगतीच्या परीक्षा दिलेली मुले-मुली या संदेशांकडे आशेने पाहतात. हाताशी कौशल्य आहे, घरात इंटरनेट आहे, नोकरी मात्र नाही. इंटरनेटवरून काम मिळते आणि त्यावर घरे चालतात, हे खरेच आहे. पण नवखा माणूस पहिल्यांदा जिथे चौकशी करतो, नेमके तिथेच फसवणारे टपून बसलेले असतात. म्हणून आधी त्यांच्याविषयी.

‘फॉर्म फिलिंग’ नावाच्या फसवणुकीची रीत ठरलेली आहे. काहीशे फॉर्म चार-सहा दिवसांत भरून द्यायचे, असे काम दिले जाते. त्याआधी आधार आणि पॅन कार्डाची प्रत मागतात, एका करारावर ई-सही घेतात. अचूकता ठरल्यापेक्षा कमी भरली तर मोबदला नाही, उलट कामगारानेच कंपनीला शुल्क द्यायचे, हे कलम त्या करारात कुठेतरी दडलेले असते. फॉर्मवरचा मजकूर धूसर, वेबसाइट मध्येच बंद पडणारी, आणि शेवटी निकाल एकच: अचूकता कमी. मग वकिलाच्या नावाने नोटीस येते, कोर्टात खेचण्याच्या धमकीचे फोन सुरू होतात. घरच्यांना कळू नये म्हणून कित्येक जण उसनवारी करून पैसे भरतात. एकदा भरले की पुढची मागणी येते.

अशा टोळ्यांची कॉल सेंटर पोलिसांनी वेळोवेळी उघडकीस आणली आहेत. नोटीस आली तर एक रुपयाही देऊ नये. करार, संदेश, फोन नंबर जपून ठेवावेत आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. घरात आधी सांगावे, हे त्याहून महत्त्वाचे. धमकीचा सगळा जोर माणूस एकटा पडण्यावर असतो.

टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचे ‘टास्क’ हा दुसरा प्रकार. सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरेच खात्यात येतात, विश्वास बसला की ‘प्रीपेड टास्क’साठी हजारो रुपये भरायला लावतात. काम देणारा पैसे मागत असेल तर तिथे काम नाही, एवढे ओळखले तरी पुरे.

खरा बाजार वेगळा आहे आणि तो जुनाही आहे. काम देणारे आणि काम करणारे यांची गाठ घालून देणारे ईलान्स हे संकेतस्थळ १९९९च्या सुमारास सुरू झाले, तसेच ओडेस्क २००३मध्ये. दोन्ही एकत्र येऊन २०१५मध्ये अपवर्क हे नाव आले. इस्रायलमध्ये २०१०मध्ये सुरू झालेल्या फायव्हरवर पहिली कामे पाच डॉलरची होती, नावही त्यावरूनच पडले. फ्रीलान्सर डॉट कॉम ऑस्ट्रेलियाचे. या ठिकाणी नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, वाटा कमाईतून कापला जातो. फायव्हर २० टक्के घेते. अपवर्क २०२५पासून कामागणिक शून्य ते १५ टक्के.

तरीही बहुतेक नवखे इथून निराश होऊन परततात. कारण साधे आहे. ग्राहकाला एका कामासाठी पन्नास-पन्नास अर्ज येतात आणि नव्या नावापुढे एकही अभिप्राय नसतो. अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट’ लागतात, प्रत्येकी १५ सेंटचे, आणि एका अर्जाला ते बरेच खर्ची पडतात. एकच मजकूर पन्नास ठिकाणी चिकटवणाऱ्याचे पैसे आणि उमेद दोन्ही संपतात. ‘मी प्रामाणिक आणि मेहनती आहे’ हे वाक्य तर प्रत्येक अर्जात असते. ग्राहक ते वाचतही नाही.

ग्राहक बघतो तो नमुना. आणि नमुना तयार करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, ही या क्षेत्रातली सर्वांत आशादायक गोष्ट आहे. भाषांतर करायचे असेल तर प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५पासून खुले आहे. तिथे मुलांच्या गोष्टी कोणीही मराठीत आणू शकतो आणि त्या भाषांतरकाराच्या नावानिशी प्रसिद्ध होतात. डिझाइन शिकलेल्याने गावातल्या एखाद्या खानावळीचे मेन्यूकार्ड, बचत गटाच्या पापड-मसाल्याचे वेष्टन नव्याने करून पाहावे. हिशेब येणाऱ्याने काल्पनिक दुकानाचा वर्षभराचा जमाखर्च एक्सेलमध्ये मांडावा. प्रोग्रामिंग येणाऱ्याला आपला कोड सर्वांना दाखवायला गिटहब हे संकेतस्थळ आहेच. असे तीन नेटके नमुने वीस प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतात.

पहिले काम पुष्कळदा परदेशी ग्राहकाकडून येतच नाही. ते ओळखीच्या डॉक्टरांचे, कोचिंग क्लासचे, मामाच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानाचे असते. त्यात कमीपणा काही नाही. मोबदला थोडा असला तरी घ्यावा, काम वेळेत द्यावे आणि लेखी अभिप्राय मागून घ्यावा. पुढच्या अर्जाला तोच आधार होतो.

अर्ज लहान असावा. ग्राहकाने दिलेले वर्णन दोनदा वाचून त्याची अडचण एका ओळीत मांडावी, ती कशी सोडवणार ते दोन ओळींत सांगावे, जुळणारा एकच नमुना जोडावा आणि एखादा नेमका प्रश्न विचारावा. असे पाच अर्ज, घाईघाईने पाठवलेल्या पन्नासांपेक्षा कधीही बरे.

काम कोणते निवडायचे, हा प्रश्न आता जास्त अवघड झाला आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले. त्यानंतर अपवर्कवरच्या लेखन-संपादनाच्या क्षेत्रातील लोकांची मासिक कमाई सुमारे पाच टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांना आढळले. साधी डेटा एंट्री, ठरीव लेख यांच्या भरवशावर आज कोणी उभे राहू नये. उलट मराठीत निर्दोष लिहिणारा, बोली ओळखणारा, व्हिडिओला उपशीर्षके देणारा किंवा यंत्राने केलेले भाषांतर तपासणारा माणूस अजून सहज मिळत नाही. मराठी माध्यमात शिकलेल्यांनी हे आपले बळ समजावे.

पैशाचे व्यवहारही पहिल्या दिवसापासून चोख हवेत. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामात ग्राहकाचे पैसे आधीच राखून ठेवले जातात. काम सादर केल्यावर १४ दिवसांत त्याने उत्तर दिले नाही, तर ते आपोआप सुटतात. म्हणून रक्कम राखली गेल्याचे दिसल्याशिवाय सुरुवात करू नये, आणि ‘बाहेर व्यवहार करू’ म्हणणाऱ्या अनोळखी ग्राहकाला नकार द्यावा. थेट मिळालेल्या कामात निम्मी रक्कम आगाऊ मागायला संकोच नसावा.

परदेशातून आलेली रक्कम हे उत्पन्नच आहे, तिच्यावर आयकर लागू होतो. प्रत्येक कामाचे बिल, बँकेत जमा झाल्याची नोंद आणि वर्षाचे विवरणपत्र सांभाळून ठेवा. पुढे घरकर्ज मागायला जाल तेव्हा बँक पगारपत्रकाच्या जागी हीच विवरणपत्रे मागते, आणि तीही साधारण दोन-तीन वर्षांची.