लीग, सेव्हन्स आणि पुन्हा लीग : एमा टोनेगाटोच्या कारकिर्दीचा मागोवा

ऑस्ट्रेलियाची रग्बीपटू एमा टोनेगाटो हिच्या २०१३ ते २०२४ या काळातील कारकिर्दीत रग्बी लीगची दोन विश्वविजेतेपदे आहेत आणि त्या दोहोंच्या दरम्यान रग्बी युनियनच्या सेव्हन्स या प्रकारातले ऑलिंपिक सुवर्णपदक आहे. एकाच खेळाडूने दोन्ही खेळांत असे यश मिळवणे दुर्मीळच. परंतु ती कोणत्या काळात कोणता खेळ खेळली याचा क्रम लावून पाहिला, तर तिच्या प्रत्येक वळणामागे महिला खेळाडूंना मिळणाऱ्या सोयी-संधींचे बदलते चित्र दिसते आणि त्या चित्रामुळेच ही कारकीर्द एका व्यक्तीच्या पराक्रमापेक्षा मोठी ठरते.

लीग आणि युनियन हे एकाच खेळाचे दोन फाटे होत. कामाचा रोज बुडवून मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंना भरपाई द्यावी की नाही, या वादातून उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे वेगळी चूल मांडली आणि त्यातून पुढे लीग घडत गेली. युनियनने मात्र हौशीपणाचे सोवळे १९९५ पर्यंत, म्हणजे टोनेगाटोच्या जन्मवर्षापर्यंत, पाळले. दरम्यान दोन्ही खेळांचे नियमही दूर गेले. युनियनमध्ये पंधरा खेळाडू असतात आणि पकड झाल्यावर जमिनीवरच्या चेंडूसाठी दोन्ही बाजू झुंजतात, तर लीगमध्ये तेरा खेळाडू असतात, पकडला गेलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सारतो आणि सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. सेव्हन्स ही युनियनचीच आवृत्ती असली, तरी तीत तेवढ्याच मोठ्या मैदानावर प्रत्येक संघाचे सातच खेळाडू सात-सात मिनिटांच्या दोन डावांत खेळत असल्याने मोकळी जागा विपुल असते आणि एक पकड चुकली, की गुण गेलाच असे समजावे.

न्यू साउथ वेल्सच्या इलावारा भागातून आलेल्या टोनेगाटोचा मूळ खेळ लीग. वयाच्या अठराव्या वर्षी, २०१३ च्या विश्वचषकात, ती ‘जिलारूज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या महिला संघात होती. त्याआधीचे तिन्ही विश्वचषक, म्हणजे २०००, २००३ आणि २००८ चे, न्यूझीलंडने जिंकले होते; लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावरील अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने २२–१२ अशी मात करून ती मालिका खंडित केली. तथापि, विश्वविजेत्या झालेल्या या खेळाडूंना मायदेशी पोट भरता येईल अशी एकही राष्ट्रीय व्यावसायिक लीग स्पर्धा तेव्हा अस्तित्वात नव्हती.

युनियनच्या बाजूला नेमके त्याच सुमारास चित्र पालटत होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००९ मध्ये सेव्हन्सला ऑलिंपिकमध्ये प्रवेश दिल्याने या प्रकाराकडे सरकारी आणि संघटनात्मक पैसा वळला, आणि ऑस्ट्रेलियाने २०१४ च्या सुमारास महिला सेव्हन्सपटूंना करारबद्ध करून सिडनीच्या उत्तरेकडील नॅराबीन येथे पूर्णवेळ सराव सुरू केला. प्रशिक्षक टिम वॉल्श यांच्या या संघात टच फुटबॉल, बास्केटबॉल, धावणे अशा निरनिराळ्या वाटांनी आलेल्या मुली एकत्र आल्या. लीगमधून आलेली टोनेगाटो त्यांपैकीच एक. या संघाने २०१५–१६ ची जागतिक मालिका जिंकली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ दी जानेरो येथे, महिला सेव्हन्सच्या पहिल्याच ऑलिंपिक अंतिम सामन्यात, न्यूझीलंडला २४–१७ असे हरवले. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे याला ‘ट्राय’ म्हणतात आणि त्याचे युनियनमध्ये पाच गुण मिळतात. ऑस्ट्रेलियाच्या त्या दिवशीच्या चार ट्रायपैकी पहिला टोनेगाटोचा होता. पुढे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळाले, परंतु टोकियो ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीतच फिजीने ऑस्ट्रेलियाला १४–१२ असे रोखले.

टोकियोनंतर टोनेगाटो लीगकडे परतली, तेव्हा तो खेळही पूर्वीचा राहिला नव्हता. एनआरएलडब्ल्यू ही महिलांची राष्ट्रीय लीग स्पर्धा २०१८ मध्ये चार संघांनिशी सुरू झाली होती आणि आता सहा संघांची झाली होती. सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्सकडून ती ‘फुलबॅक’ या जागी, म्हणजे साऱ्या बचावाच्या मागे राहणाऱ्या शेवटच्या पहारेकऱ्याच्या जागी, खेळू लागली. मोकळ्या मैदानात एकटीने पकड करणे आणि विस्कळीत झालेल्या बचावातून वाट काढणे ही सेव्हन्सची शिदोरी या जागी थेट उपयोगी पडणारी होती. महासाथीमुळे २०२२ च्या आरंभी खेळवल्या गेलेल्या २०२१ च्या हंगामात ड्रॅगन्स अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्सकडून १६–४ असे हरले. मात्र हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे डॅली एम पदक टोनेगाटो आणि मिली बॉयल यांना विभागून मिळाले. हे पदक ज्याच्या नावाचे, तो डॅली मेसेंजर १९०७ मध्ये युनियन सोडून लीगमध्ये आला होता. पैसे घेऊन लीग खेळणाऱ्या पुरुषाला युनियनची दारे बंद होत असत, तेव्हा त्याचा प्रवास एकाच दिशेचा होता. टोनेगाटोने मात्र ती सीमा दोन्ही दिशांनी ओलांडली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, साथीमुळे वर्षभर लांबलेल्या विश्वचषकाच्या ओल्ड ट्रॅफर्डवरील अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडचा ५४–४ असा धुव्वा उडवला आणि टोनेगाटोच्या नावावर नऊ वर्षांच्या अंतराने दुसरे विश्वविजेतेपद लागले. रिओच्या अंतिम सामन्यात ट्राय नोंदवणारी तिची सहकारी इव्हानिया पेलिटे हीदेखील याच लीग संघात होती. २०२३ मध्ये स्पर्धा दहा संघांची झाली, तेव्हा नव्याने प्रवेश केलेल्या क्रोनुला शार्क्सकडे टोनेगाटो गेली आणि २०२४ मध्ये शार्क्सने अंतिम फेरी गाठली. तेथेही रूस्टर्सनीच ३२–२८ अशी निसटती सरशी साधली.

पुरुषांच्या रग्बीत लीग आणि युनियन यांच्यामध्ये शतकभर भिंत उभी राहिली ती पैशाच्या प्रश्नावरून, आणि महिलांच्या रग्बीत दोहोंमधली वाट वाहती झाली तीही पैशामुळेच, कारण ज्या खेळाने आधी करार देऊ केला त्याकडे गुणवत्ता वळली आणि दुसऱ्याने देऊ केल्यावर तीच गुणवत्ता परतही आली. टोनेगाटोच्या पिढीने हा प्रवास एका बाजूच्या अभावातून सुरू केला. तिच्यामागून येणाऱ्या खेळाडूंपुढे दोन्ही बाजूंचे करार आहेत, आणि त्यामुळे खेळाडूने संधी शोधत जाण्याऐवजी संघटनांनी खेळाडूंसाठी चढाओढ करण्याची वेळ महिला रग्बीत प्रथमच आली आहे.