खिंडीच्या तोंडाशी

मालदीवमध्ये लिव्हअबोर्डवर सकाळची पहिली उडी गाइडची असते. राहायची मोठी बोट अटोलच्या, म्हणजे कड्यासारख्या प्रवाळरांगेच्या, आत नांगरलेली असते. डायव्हिंगसाठी सोबत वेगळी छोटी बोट, धोनी. टँक, कॉम्प्रेसर, ओले वेटसूट असा सगळा पसारा तिच्यावर. धोनी खिंडीजवळ आली की गाइड मास्क आणि फिन्स चढवून एकटाच उतरतो, थोडा खाली जातो आणि पाणी आपल्याला कुठे नेतंय ते पाहतो. वर येऊन कप्तानाला हातानेच दिशा दाखवतो. बाकीचे आम्ही तोवर झोपाळू डोळ्यांनी चहा पीत असतो.

शार्क पाण्याच्या ओढीवर राहतात, म्हणून ही खटपट. व्हावू अटोलच्या पूर्व कडेला समुद्रात उघडणाऱ्या खिंडी आहेत, तिथल्या भाषेत कांडू. साधारण डिसेंबर ते एप्रिल, ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, बाहेरचं नितळ पाणी पूर्वेकडून आत घुसतं. खिंडीच्या उंबऱ्यावर आदळून त्यातलं काही वर चढतं. ग्रे रीफ शार्कला श्वासासाठी कल्ल्यांवरून सतत पाणी वाहतं लागतं. थांबून चालत नाही. या चढत्या पाण्यावर तो फारसे कष्ट न घेता तरंगू शकतो. ओढ उलटी, आतून बाहेर असेल तर पाणी गढूळ, आणि हात सुटलेला डायव्हर थेट खुल्या समुद्रात. तशा वेळी गाइड सरळ बेत बदलतो, कुणी कितीही कुरकुरो.

उडीआधी प्रत्येकाने आपला टँक स्वतः तपासायचा. आमच्या टँकमध्ये नायट्रॉक्स, म्हणजे 21 ऐवजी 32 टक्के ऑक्सिजन असलेली हवा. नायट्रोजन कमी, त्यामुळे खोलवर जरा जास्त वेळ मिळतो. पण 34 मीटरच्या आसपास हाच ऑक्सिजन धोक्याचा होऊ लागतो. ऑक्सिजन-मीटरवरचा आकडा वहीत लिहून सही करायची. कंटाळवाणं काम आहे, आणि ते दुसऱ्यावर सोपवणाऱ्याच्या शेजारी मी उतरणार नाही.

उडी मारताना तरंगण्याच्या जॅकेटमध्ये हवा ठेवायची नाही. पृष्ठभागावर रेंगाळलात की पाणी खिंडीच्या आत घेऊन गेलंच. डोकं खाली, कान मोकळे करत थेट उंबऱ्यावर, तीस मीटरच्या आत. मनोरंजनाच्या डायव्हिंगला मालदीवची मर्यादाच तेवढी आहे. तिथे मेलेल्या खडकाची खाच शोधून दोरीचा आकडा अडकवायचा आणि जॅकेटमध्ये थोडी हवा भरायची. मग आम्ही ओळीने मांजावरच्या पतंगासारखे फडफडत राहतो. मान वळवली की मास्क थरथरतो. भीती वाटते ती आकडा निसटण्याची.

शार्क समोरच्या निळ्यात असतात. आधी एक, मग डोळा सरावला की बरेच. जवळचा पाच-सहा मीटरवर आला तेव्हा कल्ल्यांच्या पाचही चिरा मोजता आल्या. शेपटीची मागची कड काळी, जणू शाईत बुडवलेली. जबड्याच्या कोपऱ्यात गंजलेला गळ, त्याला तुटक्या दोरीचा तुकडा. ज्या पाण्यात मला आकडा लागतो त्यात तो जवळपास शेपूट न हलवता उभा होता. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकदम श्वास सोडला, बुडबुड्यांचा गदारोळ झाला, आणि तो जरासा बाजूला सरकला. गाइड सारखा ‘हळू श्वास घ्या’ म्हणतो ते हवा पुरावी म्हणून, आणि यासाठीही.

मालवणात वाढलेल्या मला शार्क म्हणजे मोरी, आणि मोरी म्हणजे सागुती. इथे तो हिशेब वेगळा बसला. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या एका अभ्यासानुसार मारलेल्या ग्रे रीफ शार्कचे कोळ्याला एकदाच सुमारे 32 डॉलर मिळत. जिवंत शार्क डायव्हर्सकडून वर्षाला सरासरी 3,300 डॉलर मिळवून देई. मालदीवने 2010मध्ये आपल्या सगळ्या पाण्यात शार्कची मासेमारी बंद केली. अर्थात, डायव्हरचा पैसा मोरी पकडणाऱ्या कोळ्याच्याच हाती जातो असं नाही. ही गोष्ट उत्साहाने सांगणारे एवढं वाक्य बहुधा गाळतात.

अलिमथाची रात्रीची डुबकी मात्र मला खटकली. या बेटाच्या जेट्टीवरून पूर्वी माशांचे अवशेष टाकत, त्यामुळे नर्स शार्क तिथे यायला सोकावले. हे तपकिरी, संथ, दहा फुटांपर्यंत वाढणारे प्राणी. यांना तळाशी पडून श्वास घेता येतो. अनेक बोटींचे लोक अंधारात वाळूवर गुडघे टेकून बसतात आणि शार्क टॉर्चच्या झोतांतून, लोकांच्या खांद्यांना घासत फिरतात. एक माझ्या मांडीवरून गेला; त्याची कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत. बोटीवर परतल्यावर सगळ्यांत जास्त गलका याच डुबकीचा झाला, व्हिडिओ इकडून तिकडे गेले. मला मात्र सकाळच्या खिंडीतल्या त्या गळवाल्याबद्दल बोलायचं होतं. जेवणं उरकेपर्यंत ते ऐकायला फक्त गाइड मोकळा झाला होता, आणि त्याला तो गळ बऱ्याच दिवसांपासून माहीत होता.