घर कोणामुळे थांबते?

तुमच्या गल्लीत एखादे घर बांधले जात असेल, तर तेथे जरा लक्ष देऊन पाहा. सेंट्रिंगवाले, गवंडी, सुतार, वायरमन, प्लंबर, फरशीवाला, रंगारी असे कितीतरी लोक तेथे येऊन जातात. पुष्कळदा प्रत्येकाचा ठेकेदारही वेगळा असतो. प्रत्येक जण आपापल्या कामात तरबेज असतो. तरीसुद्धा पुष्कळ घरे ठरलेल्या दिवशी पुरी होत नाहीत. असे का होते? याचे उत्तर शोधायला फक्त बेरीज-वजाबाकी यावी लागते.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. घराच्या कामांना क्रम असतो. भिंतीतून विजेच्या तारांच्या नळ्या न्यायच्या असतील, तर त्या गिलाव्याच्या आधी बसवाव्या लागतात. वायरमन उशिरा आला, तर नवा कोरा गिलावा फोडावा लागतो. फरशी बसल्यावरच तिची पक्की उंची कळते, म्हणून दारे त्यानंतर बसवतात. नाहीतर ती जमिनीला घासतात. काही कामे मात्र एकमेकांसाठी थांबत नाहीत. गवंडी घरात काम करत असताना सुतार आपल्या कारखान्यात दारे खुशाल तयार करू शकतो.

आता एक उदाहरण सोडवू. एका घराचा स्लॅब 14 एप्रिलला ओतून झाला. दुसऱ्या दिवसापासून पुढील कामे उरली आहेत :

1. स्लॅबला पाणी देणे व खालचे टेकू तसेच ठेवणे – 14 दिवस
2. टेकू काढल्यावर भिंतीत विजेच्या नळ्या बसवणे – 4 दिवस
3. त्याच वेळी भिंतीत पाण्याचे नळ बसवणे – 3 दिवस
4. 2 व 3 झाल्यावर आतून गिलावा – 8 दिवस
5. गिलाव्याला पाणी मारणे – 7 दिवस
6. फरशी – 6 दिवस
7. कारखान्यात दारे व खिडक्यांची झडपे तयार करणे – 20 दिवस
8. फरशीनंतर ती बसवणे – 2 दिवस
9. शेवटी चुन्याचा रंग – 8 दिवस

सगळ्या आकड्यांची बेरीज 72 येते. पण घराला 72 दिवस लागणार नाहीत, कारण काही कामे एकाच वेळी चालतील. मग किती लागतील? एकापाठोपाठ एकच करता येतील अशा कामांची सर्वांत लांब साखळी शोधा. ती अशी : 14 + 4 + 8 + 7 + 6 + 2 + 8 = 49. म्हणजे 15 एप्रिलला सुरू झालेले काम 2 जूनच्या संध्याकाळी संपेल. मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागते. पावसापूर्वी राहायला जाऊ पाहणाऱ्या कुटुंबाच्या हाती जेमतेम चार दिवस उरतात.

या सर्वांत लांब साखळीला क्रिटिकल पाथ म्हणतात. आपण तिला निर्णायक साखळी म्हणू. 1957 साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी ही पद्धत तयार केली. हजारो कामांच्या साखळ्या तपासण्यासाठी त्यांनी युनिव्हॅक हा संगणक वापरला. आपल्या नऊ कामांना कागद-पेन्सिल पुरते.

साखळी हाती आली की कोणाच्या मागे लागायचे ते कळते. दारे बसवण्याची पाळी 39 दिवसांनंतर येते आणि ती तयार व्हायला 20 दिवस लागतात. म्हणजे सुताराला 19 दिवसांची सवड आहे. तो तीन दिवस उशीर करील, तरी घराचे काही बिघडत नाही. वायरमन मात्र निर्णायक साखळीवर आहे. त्याचे तीन दिवस चुकले, की सारे घर तीन दिवस मागे पडते. प्लंबरला केवळ एका दिवसाची सवड आहे. तो तीन दिवस चुकला, तर घर दोन दिवस रखडते.

आता एक गंमत पाहा. वायरमनने दुप्पट माणसे लावून चार दिवसांचे काम दोन दिवसांत केले, तर किती दिवस वाचतील? दोन नव्हे, एकच! कारण प्लंबरचे तीन दिवस तसेच राहतात, आणि तोच निर्णायक साखळीवर येऊन बसतो.

मग वेळ वाचवावा कोठे? गिलाव्याला गवंड्यांची दुसरी जोडी लावली, तर दिवस नक्की कमी होतील. पण घाईत लोकांचे लक्ष हमखास जाते ते पहिल्या 14 दिवसांवर. तेथे कोणी काम करताना दिसत नाही. नुसते पाणी साचलेले दिसते. "टेकू आठवड्यात काढून टाका," असे कोणीतरी सुचवते. येथेच धोका आहे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, तर पाण्याशी रासायनिक संयोग होऊन घट्ट होते. ही क्रिया सावकाश चालते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटमध्ये सात दिवसांत 28 दिवसांच्या बळाच्या सुमारे दोन-तृतीयांश बळ येते. म्हणूनच साडेचार मीटरपेक्षा लांब गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान 14 दिवस ठेवावेत, असे भारतीय मानक 456 सांगते. शंभर गवंडी आणले तरी ही क्रिया एका दिवसानेही लवकर होणार नाही. टेकू आधी काढले, तर स्लॅब वाकेल, त्याला तडे जातील. प्रसंगी तो कामगारांच्या अंगावर कोसळेल. माणसांच्या चार हातांनी होणारे काम आठ हातांनी लवकर होते. निसर्गाच्या नियमांनी होणारे काम होत नाही. हा फरक ज्याला कळला, त्याला घाई कोठे करावी आणि कोठे करू नये हेही कळले.

तुम्ही स्वतः करून पाहा. शाळेच्या स्नेहसंमेलनाची सारी कामे व त्यांचे दिवस कागदावर लिहा. कोणते काम कोणासाठी थांबते ते बाणांनी दाखवा आणि सर्वांत लांब साखळी शोधा. एक सूचना : नाटकाच्या तालमी आणि पडदे रंगवणे ही कामे एकाच वेळी चालू शकतात. पण पडद्यावरचा रंग वाळायला लागणारा वेळ मात्र विसरू नका!