मोटारीतला हट्टी पंखा

मोटारीच्या वातानुकूलन यंत्रातला पंखा पहिल्या तीन वेगांना गप्प आणि चौथ्याला मात्र भरधाव, ही गॅरेजमधली नेहमीची तक्रार. मोटर जळली असे अनेकांना वाटते. पण जळलेली मोटर चौथ्या वेगाला तरी कशी फिरेल?

दोष बहुधा रोधकात असतो. साध्या खटक्याच्या गाड्यांत कमी वेगासाठी मोटरशी एकसरीत रोधक जोडतात. चौथ्या वेगाला ते वगळले जातात आणि मोटरला बॅटरीचे पूर्ण १२ व्होल्ट मिळतात. समजा, मंद वेगाला १.४ ओहमच्या रोधकातून ५ अँपिअर प्रवाह वाहतो. ओहमच्या नियमाने रोधकावर ७ व्होल्ट खर्ची पडतात, मोटरच्या वाट्याला ५ उरतात. रोधकात निर्माण होणारी उष्णता मात्र ३५ वॅट! म्हणून त्याला हवेच्या मार्गातच बसवतात. पंख्याचा वारा त्यालाही थंड ठेवतो. हवेची गाळणी धुळीने तुंबली की वारा घटतो, रोधक तापतो आणि त्याच्यासोबतचा फ्यूज वितळतो.

बॅटरी सोडवून, रोधक बाहेर काढून मल्टिमीटरने रोध मोजावा. तो अनंत दिसला, की चोर सापडला! पण गाळणी साफ न करता नवा रोधक बसवला, तर तोही जळेल. मोटरचे बेअरिंग घट्ट झाल्यास ती जादा प्रवाह ओढते, तेही तपासावे. काही जण फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून मोकळे होतात. हा उद्योग कदापि करू नये. तापलेला रोधक भोवतालचे प्लॅस्टिक पेटवू शकतो.

स्वयंचलित तापमान-नियंत्रणाच्या गाड्यांत बहुधा रोधकाऐवजी ट्रान्झिस्टर असतो. तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.