क्षितिज खोटं बोलतं तेव्हा
१ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘एम्परर अशोक’ दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. उजवं वळण संपवून विमान सरळ झालं, तरी कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडेच कललेलं राहिलं. त्यांनी विमान डावीकडे झुकवलं. बाहेर नुसता काळोख. संथ, लांबलेल्या वळणात कानातला द्रव स्थिरावतो आणि मेंदूला सगळं सरळच वाटतं.

वसई-विरारमध्ये घरच्या संगणकावर बोइंग उडवणाऱ्यांनी हा बिघाड मुद्दाम लावून पाहावा. हुबेहूब बनवलेल्या सिम्युलेटर-विमानांत बहुधा तशी सोय असते. मग सहवैमानिकाचं आणि राखीव क्षितिज पाहायचं. जी दोन जुळतात, त्यांचं ऐकायचं. घरची खुर्ची मात्र कलत नाही, त्यामुळे कान फसण्याचा अनुभव तिथे मिळत नाही.