शेवटच्या नंबरालाही तेवढेच पैसे? आयपीएलच्या वाटपाचं गणित

विरारहून बोलतोय. आमच्या आयटीत अप्रेझलचा साधा नियम असतो: चांगलं काम, जास्त बोनस. मग आयपीएलमध्ये जिंकणाऱ्या संघाला जास्त पैसे मिळतात का? मिळतात, पण किती ते बघा.

२०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. यातला साधारण निम्मा भाग संघांचा धरला, तर दहा संघांत प्रत्येकी ४८० कोटींच्या आसपास येतात. आता बक्षिसं. २०२२ मध्ये विजेत्याला २० कोटी, उपविजेत्याला १३, तिसऱ्याला ७ आणि चौथ्याला साडेसहा. सगळे मिळून ४६.५ कोटी. संघांच्या रुपयातला जेमतेम एक पैसा कामगिरीवर ठरतो. आपली मुंबई इंडियन्स २०२२ आणि २०२४ ला तळाला गेली, तरी तिजोरीला फारसा धक्का बसला नाही तो यामुळेच.

२००८ च्या मूळ योजनेत हा भाग मोठा होता. टीव्हीच्या पैशातले ७२ टक्के संघांना, ८ टक्के बक्षिसांना आणि २० टक्के लीगला, असं ठरलं होतं.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये वेगळं आहे. तिथे देशांतर्गत टीव्हीच्या पैशातले ५० टक्के सगळ्यांना समान, २५ टक्के टीव्हीवर किती सामने दाखवले त्यावर आणि २५ टक्के क्रमांकावर. क्रमांकाच्या भागात तळाच्या क्लबला एक वाटा, तर पहिल्याला वीस. पण तिथे या पैशातून पुढचा महागडा खेळाडू विकत घेता येतो. जिंकला तो श्रीमंत, श्रीमंत तो पुन्हा जिंकणार. आमच्या भाषेत फीडबॅक लूप.

आयपीएलमध्ये हा लूप लिलावातच तुटतो. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाची पर्स १२० कोटींचीच होती. बक्षिसाचे पैसे वाढवले तरी त्यातून लिलावात जास्त बोली लावता येणार नाही. मग ते जातील कुठे? मालकाच्या खिशात, नाहीतर कोच, स्काउट आणि अकादमीवर.

माझं मत असं. टीव्हीचा पैसा बराचसा समानच वाटावा, कारण सामना एकटा संघ खेळू शकत नाही. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमार बोटीच्या कमाईचे वाटे पडतात, त्यात जाळी ओढणाऱ्या प्रत्येक खलाशाचा वाटा असतो, तसंच हे. पण कामगिरीचा भाग एका पैशावरून पाच-सात पैशांवर न्यायला हरकत नाही. फक्त 'कामगिरी' म्हणजे नुसता गुणतक्ता नको. नवीन, भारताकडून न खेळलेल्या किती पोरांना तुम्ही मैदानात उतरवलं, तेही मोजा. जसप्रीत बुमराहला २०१३ मध्ये मुंबई इंडियन्सनेच पहिली संधी दिली, तेव्हा तो भारताकडून खेळला नव्हता.

हे आपल्याला का लागतं? विरारचा पृथ्वी शॉ, पालघरचा शार्दूल ठाकूर, दोघांनीही क्रिकेटसाठी लोकलने मुंबई गाठली. पोरं शोधण्याचे पैसे मिळायला लागले, तर एखादा स्काउट उलट्या दिशेने, विरार लोकल पकडून इकडे येईल.

तुम्ही वाटप कसं केलं असतंत? आकड्यांसकट कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.