रात्रभर भिजलेली न्याहारी

माझ्या यजमानांना गोडाची भारी आवड. जेवणाच्या शेवटी काही नसलं तर गुळाचा खडा तरी हवाच. चार वर्षांपूर्वी मधुमेहाचं निदान झालं आणि घरातली श्रीखंडाची, बासुंदीची ये-जा थांबली. त्यांनी तक्रार केली नाही. पण सकाळी समोर आलेला नाश्ता ते औषध घ्यावं तसे मुकाट्याने संपवत आणि ते बघणं मला जड जाई.

अशात मुलगी सुट्टीला आली ती ओट्सचं पाकीट घेऊन. "आई, हे शिजवायचं नाही. रात्री दुधात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी तसंच खायचं." "कच्चं?" मी विचारलं. पण चौकशी केल्यावर कळलं, की चपटे ओट्स तसे कच्चे नसतातच. टरफल काढलेल्या दाण्याला वाफ देऊन ते रुळांखाली दाबलेले असतात. म्हणजे आपल्या पोह्यांचेच दूरचे भाऊबंद! पोहेही भात भिजवून, भाजून, चपटा करून होतात; म्हणून तर दहीपोह्यांना गॅस पेटवावा लागत नाही.

भिजवलेल्या ओट्सची ही कल्पना काही आजची नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक शहरात डॉ. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर (१८६७–१९३९) नावाचे वैद्य होते. १९०४ मध्ये त्यांनी तिथल्या टेकडीवर आरोग्यधाम उघडलं. ते रुग्णांना जो पदार्थ देत तोच पुढे 'म्यूस्ली' म्हणून जगभर पोचला. त्यांची कृती वाचून मी चकित झाले. ओट्स फक्त एक चमचा, तेही तीन चमचे पाण्यात बारा तास भिजवलेले. त्यात लिंबाचा रस, चमचाभर आटवलेलं गोड दूध, वाटलेला सुकामेवा आणि सालासकट किसलेलं एक मोठं सफरचंद. खरा मान फळाचा, ओट्स सोबतीला! आज मात्र वाटीभर ओट्समध्ये फळाच्या चार फोडी आणि वर मधाची धार, असा उलटा प्रकार झाला आहे.

तीच चूक मीही केली. पहिल्या दिवशी हौसेने आंब्याचा रस, खजूर, दोन चमचे मध, वर थोडं आटवलेलं गोड दूध घातलं. साखर घातली नव्हती ना, म्हणून निश्चिंत. यजमानांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. किती दिवसांनी त्यांचा चेहरा असा खुललेला पाहिला! दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासली, तर २६०. दोघंही गप्प बसलो. मध, गूळ, खजूर यांना आपण 'नैसर्गिक' म्हणतो. पण रक्ताला ती साखरच. शिवाय ओट्समध्येही पिष्टमय पदार्थ असतात. ४० ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये ते सुमारे २५ ग्रॅम भरतात. तेव्हा 'ओट्स आहेत, कितीही खा' हे खरं नाही.

मग ओट्सचा फायदा कशात? त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. भिजल्यावर ओट्स चिकट, दाटसर होतात ते मुख्यतः त्याच्यामुळे. पोटातही तो असाच दाट होतो, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटावर हृदयाच्या आरोग्याबद्दलचा असा दावा छापायला परवानगी दिली. ४० ग्रॅममध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं.

गोडी मात्र साखरेशिवाय आणायची होती. विचार करता लक्षात आलं, की श्रीखंडाची आठवण येते ती केशर-वेलचीच्या वासाने, हलव्याची येते ती तुपाच्या आणि जायफळाच्या वासाने. हे वास आपल्या मनात गोडाशीच जोडलेले आहेत. आणखी एक गंमत अशी, की थंडगार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते आणि आपण उगाच जास्त गोड घालतो. वाटी पंधरा मिनिटं आधी फ्रिजबाहेर काढली, चिमूटभर मीठ घातलं, की आहे ती गोडीही उठून दिसते.

आता आमच्याकडे दोन प्रकार रुळले आहेत. श्रीखंडाचा प्रकार असा : ४० ग्रॅम चपटे ओट्स, अर्धा कप तापवून गार केलेलं दूध, दोन मोठे चमचे चक्का, कोमट दुधात खललेलं केशर, वेलची. सकाळी त्यात अर्धं सफरचंद किसून आणि वर चारोळी. गाजर हलव्यासाठी किसलेलं गाजर अर्धा चमचा तुपावर परतून, पूर्ण गार करून ओट्स-दुधात मिसळायचं. सोबत पाच-सहा बेदाणे, जायफळ, आणि सकाळी भाजलेले बदाम, म्हणजे ते कुरकुरीत राहतात. नातू आला की त्याच्या वाटीत बिनसाखरेची कोको पावडर आणि कुस्करलेलं केळं. तो त्याला चॉकलेटची खीर म्हणतो.

काही पथ्यं मात्र पाळावीत. वाटी झाकून फ्रिजमध्येच ठेवावी. आपल्या हवेत दूध घातलेलं धान्य रात्रभर ओट्यावर राहिलं तर त्यात जंतू वाढतात. सहा ते आठ तास पुरतात. झटपट होणारे बारीक ओट्स भिजून लगदा होतात आणि त्यांच्यातली साखर लवकर उतरते, म्हणून जाड चपटेच घ्यावेत. कच्चा अननस किंवा पपई रात्री दुधात घालू नये, ते कडवट होतं. आणि मधुमेह असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून, दोन तासांनी साखर तपासूनच ठरवावं. आम्हीही तसंच ठरवलं. सुधारलेल्या वाटीनंतर पहिल्यांदा तपासलं तेव्हा आकडा १५८ आला.

आता रात्री जेवणं आटोपली की यजमान स्वतःच वजनकाटा पुढे ओढतात आणि ४० ग्रॅम मोजून घेतात. एक दाणाही जास्त नाही. मग मला विचारतात, "उद्या श्रीखंड की हलवा?" चार वर्षं या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)